थाई अंकांची नोंदवही : सहावा आठवडा

एक ते दहा हे थाई अंक पहिल्याच आठवड्यात पाठ झाले होते, त्यामुळे पुढचे सारे सोपे जाईल अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी ठरली. संख्यांची रचना विलक्षण सरळ आहे. साम म्हणजे ३, हा म्हणजे ५ आणि सिप म्हणजे १०, म्हणून सामसिप म्हणजे ३० आणि सामसिप-हा म्हणजे ३५. अपवाद दोनच आहेत : सॉङ म्हणजे २, तरी २० ला सॉङसिप न म्हणता यीसिप म्हणतात, आणि दशकानंतर येणारा १ 'नुङ' न राहता 'एत' होतो, जसे ११ सिप-एत, २१ यीसिप-एत. एकोणसाठ, त्रेसष्ट, पंच्याहत्तर अशी नावे एकेक करून घोकलेल्या आपल्यासारख्यांना ही चैनच वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने 'वीस एक, वीस दोन' असे वाचन सुचवले तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. थाई मुले मात्र जवळपास तसेच म्हणत मोठी होतात.

उच्चारांत रोमन लिपीने माझा बराच वेळ वाया घालवला. सातच्या आरंभी तिथे 'जे' हे अक्षर असते, म्हणून मी तीन आठवडे 'जेत' म्हणत राहिले. प्रत्यक्षात तो 'चेत' आहे, आणि त्यातला च चमच्यातला नसून चित्रातला आहे. तेव्हापासून मी टिपणे देवनागरीतच काढते. क-ख, त-थ, प-फ हे भेद थाई भाषेत जसेच्या तसे आहेत आणि ते आपल्या कानाला उपजतच कळतात. 'काव' म्हणजे नऊ आणि 'खाव' म्हणजे भात. दोन्हींचा सूर उतरताच आहे, फरक फक्त क आणि ख यांचा.

थाईत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, आणि या सुरांच्या बाबतीत मात्र मराठी काहीच मदत करत नाही. 'सी' खालच्या सुरात म्हटले तर चार, आणि तेच खालून वर चढवले तर रंग. रोज रात्री दहा अंक म्हणून ध्वनिमुद्रित करते आणि सकाळी ताज्या कानांनी ऐकते. सॉङ आणि साम हे चढते सूर आता जमतात, पण 'हा' (पाच) आणि 'काव' (नऊ) यांचा उतार अजूनही अर्ध्यावरच थांबतो.

या आठवड्यातली खरी फजिती दहा हजारांपाशी झाली. थाईत १०,००० साठी 'मून' असा स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे पंचवीस हजार म्हणताना 'दोन मून, पाच हजार' अशी फोड करावी लागते. शिकवणाऱ्या बाईंनी एका खोलीचे मासिक भाडे 'मून हा' असे सांगितले आणि मी शांतपणे १०,००५ लिहिले. बोलताना शेवटचे स्थाननाम गाळण्याची तिथे पद्धत आहे : मून हा म्हणजे १५,००० आणि सॉङ फन हा म्हणजे २,५०० (फन म्हणजे हजार). आपण 'अडीच हजार' म्हणून मोकळे होतो, ते अडीच त्यांच्याकडे नाही. लाखाला मात्र 'सॅन' हा एकच शब्द असल्यामुळे तीन लाख, पाच लाख क्षणात जमले. मग दहा लाख म्हणजे एक 'लान' आणि कोटी म्हणजे 'सिप लान', तिथे पुन्हा थोडा विचार करावा लागतो.

ओळखीचे चेहरेही अधूनमधून भेटतात. शून्याला 'सून' म्हणतात. सुरांच्या चार चिन्हांची नावे माइ एक, माइ थो, माइ त्री आणि माइ चत्तवा अशी आहेत, म्हणजे एक, दोन, तीन, चार, आणि विद्यापीठांच्या पदव्या उलट्या क्रमाने त्री, थो, एक अशा चढत जातात. दूरध्वनी क्रमांक सांगताना सॉङ आणि साम यांची गल्लत होऊ नये म्हणून दोनला हाच 'थो' वापरतात.

पुढचा आठवडा गणनेच्या शब्दांसाठी ठेवला आहे. आपण 'पाच जण', 'चार नग' म्हणतो तसे तिथे जवळजवळ प्रत्येक वस्तूला लागते आणि ते संख्येनंतर येते. दोन ग्लास कॉफी म्हणजे 'काफे सॉङ कॅव'. सर्वसाधारण प्राण्यांना 'तुआ' लावतात, पण पाळलेल्या हत्तींना 'छुअक', म्हणजे दोर. 'छाङ सॉङ छुअक' : हत्ती, दोन, दोर. एवढे एक वाक्य आजच पाठ करून टाकले आहे.