आमची वाटचाल : भोसरीचा गाळा ते प्रकाशाचा एक कण

भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा. व्हॅक्यूम चेंबर, फ्लँज, बेलोज हे मूळ काम. सिंगल फोटॉन डिटेक्टरकडे, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण (फोटॉन) टिपणाऱ्या उपकरणाकडे, वळवलं ते एका प्राध्यापक सरांनी. नायोबियम नायट्राइडची तार, जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर, रुंदी शंभरेक. खूप थंड केली की तिच्यातून वीज विनारोध वाहते, ती सुपरकंडक्टिव्हिटी. फोटॉन पडला की तेवढ्या जागी ती मोडते आणि विजेचा पल्स मिळतो. मॉस्कोच्या गटाने 2001 साली हे दाखवलं. चिप सरांची, क्रायोस्टॅट (ती थंड ठेवणारं भांडं), हाउसिंग (चिपचा तांब्याचा डबा) आणि प्रकाश आणणाऱ्या फायबरची जोडणी आमची.

मग अशाच हाउसिंगचं एक टेंडर आलं. आमच्याकडेच शिकून बाहेर पडलेल्याने आमचंच ड्रॉइंग लावून पडेल दर भरला. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, तो ठरला आणि काम त्याला गेलं. आम्ही क्रायोकूलरसाठी (थंड करणाऱ्या यंत्रासाठी) कर्ज काढून बसलेलो. बँकेचे हप्ते थकले, मी हेलियम लीक डिटेक्टर, म्हणजे हेलियम वायूने गळती शोधायचं मशीन, विकायला काढला. लेथवरचे आमचे मामा आडवे आले. "माझा पगार थांबवा, पण हे मशीन गेलं तर आपल्याकडे राहिलं काय?" मशीन राहिलं.

टेंडर मिळालेल्याचं हाउसिंग टेबलावर उत्तम चाललं, थंड केल्यावर काउंट (मोजलेले फोटॉन) गायब. तांबं 4 केल्विनपर्यंत (उणे 269 अंश सेल्सिअस) नेलं की दर दहा मिलिमीटरला सुमारे 32 मायक्रॉन आखडतं, आणि फायबरचा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. आम्ही चिप आणि फायबरची फेरूल (टोकाची नळी) एकाच झिरकोनिया स्लीव्हमध्ये, म्हणजे सिरॅमिकच्या बाहीत, बसवतो. मग सगळं एकाच अक्षाकडे आखडतं, फायबर चिपवरून सरकत नाही. त्याने खर्च वाचवायला स्लीव्ह काढून स्क्रू लावले होते. सर तो डबा घेऊन स्वतः गाळ्यावर आले. तेव्हापासून त्यांची एकही ऑर्डर दुसरीकडे गेलेली नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6,003 कोटी मंजूर झाले आणि या धंद्याची चौकशी करणारे वाढले. त्यांना सांगतो : सांधा हवाबंद करायला दाबलेली इंडियमची (मऊ धातूची) तार दुसऱ्यांदा वापरू नका. लीक शोधताना हेलियम वरून खाली मारत या, तो वर चढतो. फायबर बाहेरच्या गरम भागातून इन्फ्रारेड आत आणतो, म्हणून थंड भागात त्याला दोन-चार वेढे द्या, नाहीतर डार्क काउंटला (सिग्नल नसताना येणाऱ्या खोट्या काउंटला) चिप बदनाम होते. आणि अ‍ॅडव्हान्स हातात आल्याशिवाय तांबं कापू नका.

त्या टेंडरची आमची अनामत अजून परत आलेली नाही. पत्रं चालूच आहेत.