सेल्फ-सर्व्हिस स्टुडिओतलं रेकॉर्डिंग: चौथ्या सत्राची नोंद

या सत्रात १२ मिनिटांचं सादरीकरण तासाभराच्या बुकिंगमध्ये दोन टेकमध्ये पुरं झालं. आधीच्या सत्रांत अर्धा वेळ खोळंब्यात जायचा. अशा स्टुडिओत तंत्रज्ञ हाताशी नसतो. बटण दाबलं की दिवे, कॅमेरा आणि माइक एकदम चालू होतात, पण चुकलेलं सांगायला कोणी नसतं. त्यामुळे चुका घरीच हेराव्या लागतात.

पहिला मुद्दा पेनड्राइव्हचा, कारण रेकॉर्डिंग त्यावरच साठतं. ड्राइव्ह FAT32मध्ये (फाइली साठवण्याची जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. रेकॉर्डिंग सेकंदाला २० मेगाबिटने होत असेल तर मिनिटाला साधारण १५० एमबी लागतात, म्हणजे २८ मिनिटांच्या आसपास मर्यादा गाठली जाते. काही यंत्रणा तिथे नवी फाइल सुरू करतात, काही सरळ थांबतात. ड्राइव्ह exFAT या नव्या पद्धतीत फॉरमॅट केल्यास हा प्रश्न राहत नाही, मात्र स्टुडिओची यंत्रणा तो वाचते का हे आधी विचारून घ्या. आणि थांबवण्याचं बटण दाबल्यावर ड्राइव्ह लगेच उपटू नका. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. ती अर्धवट राहिली तर फाइलचा आकार भरपूर दिसतो, पण ती उघडत नाही. ‘काढायला हरकत नाही’ अशी सूचना दिसेपर्यंत थांबायचं.

स्लाइड १६:९ मापाच्या हव्यात, नाहीतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. देवनागरीचा घोळ वेगळाच. तुमचा फाँट स्टुडिओच्या संगणकावर नसेल तर दुसराच लागतो आणि ओळी स्लाइडच्या बाहेर खाली घसरतात. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात असेल तर पडद्यावर चक्क रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते. फाँट फाइलमध्येच समाविष्ट करा, शिवाय पीडीएफ प्रत जवळ ठेवा. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जातं, पण रफार आणि वेलांट्या जागच्या जागी राहतात. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा. ते घट्ट असेल तर खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात.

हिरव्या पडद्यापासून निदान दीड-दोन मीटर पुढे उभं राहायचं. जवळ उभं राहिलं की सावली पडद्यावर पडते आणि पडद्याचा हिरवा उजेड केसांच्या कडांवर चढतो. मग पार्श्वभूमी काढताना डोक्याभोवती कुरतडल्यासारखी कड दिसते. बारीक रेघांचा शर्ट टाळा, कॅमेऱ्यात रेघा लाटांसारख्या हलतात. चष्म्यावर दिव्याची चकाकी येत असेल तर दिवा वर न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला. काचा जराशा खाली झुकतात आणि चकाकी जाते.

सगळ्यात जास्त वेळ आवाजाला द्यावा, कारण अंधूक चित्र प्रेक्षक सहन करतात, घोगरा आवाज नाही. कॉलरचा माइक हनुवटीच्या खाली साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, मधोमध लावा. त्याच्या वायरचा छोटा वेढा क्लिपखाली अडकवा. वायर ओढली गेली तरी झटका वेढ्यात जिरतो, माइकपर्यंत पोचत नाही. गळ्यातली साखळी आणि ओढणी माइकपासून लांब हवी. ती घासल्याचा खरखराट नंतर काढता येत नाही. नेहमीच्या आवाजात बोलताना पातळीची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. उणे ३०वर राहिला तर नंतर वाढवताना एसीची घरघरही वाढते.

मग एक मिनिटाची चाचणी घ्या, आणि ती पेनड्राइव्हवरून, स्वतःच्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून ऐका. स्टुडिओच्या पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या हलताहेत एवढ्यावर विसंबू नका. त्या पट्ट्या कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकच्याही असू शकतात. कॉलरच्या माइकवर बोटाने हलकी टिचकी मारली की टकटक ठळक यायला हवी.

टेलिप्रॉम्प्टरवरचा (कॅमेऱ्यासमोर बोलायचा मजकूर सरकवणारा पडदा) मजकुराचा स्तंभ अरुंद ठेवा आणि जमेल तेवढं मागे उभं राहा, म्हणजे डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसत नाहीत. आकडे अक्षरी लिहा. ‘२.५’ वाचताना जीभ हमखास अडखळते, ‘अडीच’ वाचताना नाही.

बोलताना चूक झाली तर रेकॉर्डिंग थांबवू नका. तीन सेकंद गप्प राहा, दोन टाळ्या वाजवा आणि ते वाक्य सुरुवातीपासून बोला. संपादनात आवाजाच्या आलेखावर जोडटाळीचे सुळके लांबूनच दिसतात, सगळं पुन्हा ऐकावं लागत नाही. शेवटी हलू नका, १० सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या जागा बुजवायला तीच लागते.

अजून न सुटलेली बाब: पॉइंटरने स्लाइड बदलताना मान दर वेळी बाजूच्या पडद्याकडे वळते. पुढच्या सत्रात लॅपटॉप कॅमेऱ्याच्या बरोबर खाली ठेवून पाहायचं आहे.