तुम्ही विचारलंत म्हणून: सांगलीहून कोलकाता, विमानानं किती तास?

सांगलीत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. लग्नसराई जवळ आली की विटा, खानापूर, आटपाडीकडचे फोन वाढतात. त्या भागात घरटी कुणीतरी गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेलं असतं. प्रश्न ठरलेला: "दादा, कोलकात्याला विमानानं किती तास?"

पावणेतीन. पण हे पुणेकराचं उत्तर झालं.

पुणे ते कोलकाता सरळ रेषेत १,५०० किलोमीटरच्या थोडं वर. जेट विमान उंचीवर गेलं की तासाला ८०० किलोमीटर सहज कापतं, म्हणजे हिशोबानं दोन तास पुरायला हवेत. मात्र चढताना-उतरताना वेग कमी असतो, वाटही अगदी सरळ नसते. शिवाय तिकिटावरची वेळ चाकं जमीन सोडतात तेव्हाची नव्हे, विमान जागेवरून हलतं तेव्हाची. धावपट्टीपर्यंतची रांग त्याच वेळेत धरलेली असते. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून जोरात असतं, त्यामुळं जाताना लवकर पोचतं आणि परतीला जास्त वेळ लागतो. "येताना विमान हळू चालवतात काय?" असं एका काकांनी विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त होता.

आता आपलं बघू. कवलापूरला धावपट्टीची जागा आहे, विमान नाही. दर निवडणुकीला तेवढं ते उडतं. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ, पन्नासेक किलोमीटरवर. पण कोलकात्यासाठी तिथून गेलात तर मध्ये विमान बदलावं लागतं आणि त्या थांब्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. पावसाळ्यात मी तो मार्ग सुचवतही नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, आणि उजळाईवाडी पंचगंगेच्या पलीकडे.

म्हणून बहुतेकांना मी पुण्याचं तिकीट काढून देतो. सांगली ते पुणे २३० किलोमीटर, पेठ नाका, कराड, सातारा करत. रस्ता मोकळा असेल तर साडेचार तास. खंबाटकीच्या बोगद्याआधी एखादा ट्रक बंद पडला किंवा नवले पुलाला गर्दी लागली, की तास हातचा गेला. त्यात लोहगावचं विमानतळ पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सामान घेणारा काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होतो. तिथं "सांगलीसनं आलोय ओ" म्हणून भागत नाही.

दुपारी बाराचं विमान असेल तर मी पहाटे पाचला निघायला सांगतो. पावणेतीनच्या सुमारास कोलकात्याच्या डमडम विमानतळावर उतरणार, बॅगा येईपर्यंत सव्वातीन, मग टॅक्सीनं बहूबाजारला, तिथल्या सोन्याच्या बाजारात, पोचेपर्यंत साडेचार. साडेअकरा तास झाले, आणि त्यातले हवेतले अडीचसुद्धा नाहीत. विट्याहून निघणाऱ्यांनी सांगलीत यायचंच नाही, थेट कराडला महामार्ग गाठायचा.

एवढं ऐकून बरेच जण म्हणतात, "मग रेल्वेच बरी की." नाही बरी. रेल्वेत कोलकात्याला दीड दिवस तरी जातोच, आणि पुण्याला जाऊन गाडी पकडायची तर पुण्यापर्यंतचा रस्ता तिथंही चुकत नाही. फक्त म्हातारी माणसं आणि ढीगभर सामान बरोबर असेल, तर मी स्वतःहून रेल्वेचं तिकीट काढून देतो. त्यात माझं कमिशन कमी आहे, तरीही.