एल-फाइव्ह सापडेना

मी फिजिओथेरपिस्ट, आणि मावशी माझ्या पेशंट. त्या कडक भाकरी करतात. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, पाटावर एक पाय दुमडून सहा-सहा तास बसायचं, समोर परात, बाजूला तवा आणि प्रत्येक भाकरीला कंबर पुढे वाकलेली. वय 46, वजन 104 किलो, दोन वर्षं कंबरदुखी. पिशवीत एमआरआय, त्यात एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन मणक्यांमधे, बल्ज, म्हणजे तिथली गादी फुगलेली, आणि तीन ठिकाणी एकच उत्तर, नस दबलीय, आधी वजन कमी करा मग बघू. असा बल्ज काहीच दुखत नसलेल्या माणसांनाही असतो, अगदी विशीतल्या दहापैकी तिघांना, पण हे त्यांना कुणी बोललंच नव्हतं. दोन वर्षं त्या नस तुटेल म्हणून घाबरून होत्या.

आणि मी काय केलं, तर कुठे दुखतं विचारायच्या आधी वजन विचारलं. हे मला अजून लागतंय.

लघवी-संडासवरचा ताबा, मांड्यांच्या मधे बधिरपणा, पायातली ताकद, सगळं तपासलं, ठीक होतं. मागे वाका म्हटलं तर जेमतेम दोन बोटं वाकल्या आणि "आई गं". म्हणजे सरळ सरळ हाताने मोबिलायझेशन, म्हणजे मणका दाबून हलवणं, देण्यासारखी केस. पालथं झोपायला सांगितलं आणि तिथेच चुकले, प्लिंथ, म्हणजे उपचाराचा पलंग, दोन फूट रुंद, पोट दाबलं गेलं, श्वास लागला, प्लिंथ करकरला, तशा मावशी घाईघाईने उठायला लागल्या, "उतरते ओ मॅडम, मोडंल की". त्यांचा चेहरा बघवेना.

मग कुशीवर घेतलं, एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांमधे. आता मणका शोधायचा. कॉलेजात शिकवतात की कमरेच्या हाडांवरून आडवी रेघ धरा, तिथे एल-फोर. पण आम्ही प्रॅक्टिकल एकमेकांवरच करायचो, सगळी विशीतली सडपातळ पोरं, चार वर्षांत नव्वद किलोच्या वरच्या एकाही माणसाच्या पाठीला माझा हात लागला नाही, हा मला अभ्यासक्रमाचाच दोष वाटतो. जाड थरावरून ती रेघ वर सरकते आणि आपण भलत्याच मणक्यावर बसतो. म्हणून मी खालून आले, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना ज्या खळ्या असतात तिथून सुरुवात केली आणि मग वर. अंगठा खुपसायचा नाही. तळहाताची कडा ठेवायची, मावशी श्वास सोडतील तसं हळूहळू आत जाऊ द्यायचं, थांबायचं, परत एक श्वास. तिसऱ्या की चौथ्या श्वासाला हाड हाताला लागलं आणि मावशीच म्हणाल्या, "हितंच, हितंच दुखतंय".

ग्रेड थ्री, म्हणजे हालचालीच्या शेवटापर्यंत जाणारे मोठे झोके, तीस-तीस सेकंद, तीन वेळा. नंतर बसवून मुलिगन बेल्टने, म्हणजे वाकताना कंबर धरून ठेवणाऱ्या पट्ट्याने, मागे वाकवायचं होतं तर बेल्ट पुरेना, दोन बेल्ट एकमेकांत अडकवले आणि पोटाच्या खालून घेतले, वरून घेतले तर घडीत सरकतात. उठून मागे वाकल्या तर पहिल्यापेक्षा बऱ्याच जास्त.

मावशी रडायला लागल्या. "दोन वरसांत कुणी हातच लावला न्हाई."

मी आधी जिथे नोकरीला होते तिथले एक सीनियर स्पष्ट सांगायचे, अशा पेशंटला मशीन लाव, स्वतःचे अंगठे खराब करून घेऊ नकोस. मावशींना पण मशीन झालं होतं, ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणणं झालं होतं, कमरेला पट्टा होताच. डब्ल्यूएचओने 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नको असंच म्हटलंय, तरी पहिली चिठ्ठी पट्ट्याचीच असते.

घरचा व्यायाम साधा दिला, पाटाऐवजी चौरंग, आणि दर वीस भाकऱ्यांनंतर उठून कमरेवर हात ठेवून दहा वेळा मागे वाकायचं. सहा सिटिंगमध्ये दुखणं दहात आठवरून तीनवर आलंय. मावशी म्हणतात हातात गुण आहे. मला माहितीये हाताचा आराम फार टिकत नाही, तो फक्त हलायला वाट करून देतो, खरं काम त्या दहा वेळा वाकण्याचं आणि भीती गेल्याचं असणार, पण किती कशाचं ते मला वेगळं करता येत नाही. आणि त्या वाकणं विसरतात, सिटिंग चुकवत नाहीत.

काल निघताना दारात थांबल्या. "मॅडम, मग वजनाचं काय करू? तुमी तर परत इचारलंच न्हाई."

शुगरसाठी, गुडघ्यांसाठी वजन उतरायला हवं, हे मला माहितीये. पण मी ते बोलले असते तर त्यांना चौथ्यांदा तेच ऐकू आलं असतं. गुरुवारी बोलू म्हटलं. गुरुवार उद्यावर आलाय, आणि पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.