कालवणाचा डबा

माझं माहेर मीरा रोडला, घर ठाण्यात कासारवडवलीला. मधे घोडबंदर रोड आणि त्यात गायमुखचा घाट. खंडाळ्याकडचे लोक याला घाट म्हटलेलं ऐकून हसतील. पण एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मागेपुढे कंटेनर, एवढं भांडवल मला घाम फुटायला पुरतं.

रविवारी निघताना आई कोळंबीचं कालवण देते. स्टीलचा डबा, झाकण जरा सैल, वरून पिशवीची गाठ. डबा माझ्या शेजारच्या सीटवर. गाडी नवीन होती तेव्हा डावं वळण आलं की तो गिअरकडे सरकायचा, उजवं आलं की दाराकडे. एकदा घाटात ऐन वळणावर कलंडलाच. सीटवर उमटलेला पिवळा नकाशा अजून आहे. उन्हात गाडी तापली की त्याचा वासही येतो.

चूक माझीच. मी ऐटीत वळणात शिरायचे आणि मधोमध घाबरून ब्रेक दाबायचे. गाडी शिकवणारे काका म्हणाले होते, "ताई, जे काय घाबरायचं ते आधीच घाबरून घ्या." म्हणजे गाडी सरळ असतानाच वेग उतरवायचा, गिअर तिथेच टाकायचा, आत शिरल्यावर पाय शांत. कारण टायरची पकड पगारासारखी असते. ब्रेकवर उडवली की वळणाला उरत नाही. त्यात वेगाचं गणित फसवं. त्याच वळणावर चाळीसऐवजी साठने गेलं, तर वेग दीडपट होतो, पण गाडी वळवायला लागणारा जोर सव्वादोनपट. ऐंशीला चौपट! बिचारा डबा काय करणार, त्याला तर सरळच जायचं असतं.

काका असंही म्हणायचे की नजर बॉनेटवर नको, वळण सुटतं तिथे हवी. हात आपोआप तिकडे जातात. माझी नजर डब्यावर असायची.

पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल मिळून जो चिकट राडा होतो, त्या दिवशी मी बसने जाते. त्यात कसली लाज?

कंटेनरची मात्र खरी धास्ती. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या बाजूला कापत येतात. म्हणून तर ड्रायव्हर आधी जरा बाहेरून घेतो. आत मोकळी जागा दिसते आणि एखादा बाइकवाला तिथे घुसतो. परवा असाच एक पोरगा डावीकडून शिरला. कंटेनरची मागची चाकं सावकाश त्याच्याकडे सरकायला लागली, तसा तो दोन्ही पाय रस्त्यावर टेकवून, बाइक ढकलत मागे आला. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. मी काच खाली केली होती, पण त्याचा चेहरा बघून काही बोलले नाही.

त्या दिवशी माझ्या मागचा टँकर सारखा हॉर्न मारत होता. मारू दे म्हटलं, आणि माझ्याच चालीने घाट उतरले.

घरी पोचते तोच आईचा फोन. "पोचलीस? आणि कालवण?"

"तेही पोचलं."