‘मेक’ म्हणा, झालं!

माझ्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या (म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायच्या तयार कोडच्या) रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, ती बसवायची कृती तीन ओळींत उरकलेली होती. रेपो (कोडचा साठा) क्लोन करा, म्हणजे उतरवून घ्या. फोल्डरमध्ये जा. ‘मेक’ म्हणा, झालं! मेक म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधून देणारं साधन. त्या ‘झालं’चा मला जरा अभिमानच होता. लायब्ररी तशी चिमुकली. देवनागरी शब्दातली अक्षरं माणसासारखी मोजायची, एवढंच तिचं काम. ‘क्षत्रिय’मध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाच्या युनिकोड या लिपिसंकेताच्या हिशेबाने तिथे आठ चिन्हं असतात.

मग एका अनोळखी गृहस्थांची ईमेल आली. मजकूर दोन शब्दांचा: ‘नाही झालं.’ खाली भलामोठा लॉग, म्हणजे बिल्ड (कोड बांधणं) चालू असताना मशीनने केलेली नोंद.

असला लॉग शेवटून वाचण्यात अर्थ नसतो. शेवटची ओळ नुसती ‘एरर १’ म्हणून हात झटकते. वर सरकत सरकत पहिली एरर गाठायची. बाकीची सगळी तिची पिलावळ. इथली पहिली एरर सांगत होती की अमुक हेडर फाइल (एखाद्या लायब्ररीत काय काय आहे याची यादी) सापडत नाही. माझ्याकडे तर रोज सापडत होती! शोधल्यावर उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी कसल्याशा प्रयोगासाठी मी दुसरी एक लायब्ररी सोर्सवरून बिल्ड करून यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये टाकली होती आणि विसरलो होतो. कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, न सांगता तिथे डोकावतो. शेजाऱ्याची शिडी इतकी वर्षं आपल्या अंगणात असावी की ती आपलीच वाटू लागावी, तसं झालं होतं. गृहस्थांकडे शिडी नव्हती, आणि ती लागते हे मी कुठे लिहिलंही नव्हतं.

म्हणून एक कोरं व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) उभं केलं आणि माझीच तीन ओळींची कृती परक्यासारखी करून पाहिली. पहिल्या फेरीत हेडर नाही. ते आणल्यावर लिंकर (तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) रुसला, कारण लायब्ररी कुठे आहे हे त्याला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं, तर चाचण्या कोसळल्या. कोऱ्या मशीनची भाषा कुणी ठरवलेली नव्हती. अशा वेळी ‘सी’ नावाचं लोकॅल (भाषेची मांडणी) चालू असतं आणि त्याच्या लेखी देवनागरी म्हणजे नुसते बाइट. माझ्या मशीनवर भाषा नीट बसवलेली होती. कुणी? अर्थात मीच, केव्हातरी.

मधेच मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, एक ओळ वाढवली तर ‘मिसिंग सेपरेटर’. टॅबच्या जागी आठ स्पेस पडल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखंच, मेकला नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हा टॅबची ही अट घातली. ती अडचणीची आहे हे त्यांना लवकरच उमगलं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून टॅब राहू दिला. डझनभर मित्रांची ती भीड आपण सगळे अजून सांभाळतोय.

त्या विसरलेल्या लायब्ररीचं ‘कॉन्फिगर’, म्हणजे बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट, मात्र मला मनापासून आवडतं. कंपायलर चालतो का, हे आहे का, ते आहे का, असं करत ते एका ओळीत विचारतं: बिल्डचं वातावरण शहाणं आहे का? आणि स्वतःच उत्तर देतं, होय. या शहाणपणाची परीक्षा गमतीची आहे. ते एक नवी फाइल बनवतं आणि ती आधीच्या फाइलींपेक्षा नवीच दिसते ना, एवढं बघतं. म्हणजे घड्याळ ठिकाणावर आहे ना. घड्याळाची बॅटरीच नसलेल्या एका छोट्या बोर्डावर मला एकदा ‘नाही’ असं उत्तर मिळालं होतं. बोर्ड खुशाल काही वर्षं मागे जगत होता.

बिल्ड पार पडला. आता पॅकेज, म्हणजे थेट बसवता येईल असा गठ्ठा. इथे एक झकास लबाडी करावी लागते. ‘मेक इन्स्टॉल’ला ‘डेस्टडिर’ म्हणून एक रिकामं फोल्डर द्यायचं. लायब्ररी तिथे खऱ्या जागेवर बसल्यासारखी ऐसपैस बसते आणि आपण ते अख्खं फोल्डर उचलून त्याचं पॅकेज बांधतो. शिवाय डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीत पॅकेजं दोन लागतात: वापरणाऱ्यांसाठी नुसती लायब्ररी, आणि तिच्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी हेडरांचं वेगळं. लायब्ररीच्या फाइलच्या नावात ‘डॉट एसओ’पुढे जो आकडा येतो, तो मी आजवर शोभेचा समजत होतो. प्रत्यक्षात तो शब्द दिल्यासारखा असतो. हा आकडा तोच आहे तोवर जुने प्रोग्रॅम चालत राहतील, असा शब्द. मी मागच्या महिन्यात एका फंक्शनमधला एक पॅरामीटर काढून टाकला होता. आकडा होता तोच. निमूटपणे दोन केला.

उरला टारबॉल, म्हणजे वाटण्यासाठी सगळा कोड बांधलेली एकच फाइल. मी तो फोल्डर सरळ गुंडाळून बनवत असे. पण रेपो आणि टारबॉल यांत फरक असला तर काय होतं, ते २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलं आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये बिल्डची एक बदललेली फाइल होती जी गिटमध्ये (रेपो सांभाळणाऱ्या साधनात) नव्हतीच, आणि बिल्ड करताना तीच लायब्ररीत चोरदरवाजा बसवत होती. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसच्या डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही, म्हणून २९ मार्चला ते उजेडात आलं. अर्धा सेकंद! मी असतो तर नेटवर्कला दोन शिव्या देऊन पुढे गेलो असतो.

माझा टारबॉल उघडून रेपोशी ताडून पाहिला. चोरदरवाजा नव्हता. एका फाइलची ‘जुनी’, ‘नवी’ आणि ‘नवी-खरी’ अशी तीन भावंडं होती, आणि एका टिपणात ‘हे का चालतं ते कळत नाही, हात लावू नये’ अशी माझ्याच हातची ताकीद. हे सगळं जगभर वाटायला निघालो होतो. तेव्हापासून आवृत्तीचा टॅग मारून ‘गिट आर्काइव्ह’नेच टारबॉल काढतो, गिटला जे माहीत आहे तेवढंच त्यात येतं.

अखेर १.० आवृत्तीचं पॅकेज गृहस्थांना पाठवलं. रीडमी आता दीड पान झालं होतं आणि त्यात ‘झालं’ कुठेच नव्हतं. संध्याकाळी उत्तर आलं: ‘बसलं. अक्षरं बरोबर मोजतंय. पण आवृत्ती विचारली तर ०.९ सांगतंय.’

आवृत्तीचा आकडा दोन ठिकाणी लिहिलेला होता. १.०.१ ची तयारी चालू आहे.