खड्ड्यातला भराव आणि घराची जमीन

टेम्स नदीच्या काठच्या खडीच्या जमिनीवरून यंत्राने वरची माती काढली की पाचव्या ते सातव्या शतकांतले अँग्लो-सॅक्सन घर आधी नुसत्या डागासारखे दिसते. पिवळसर खडीत सुमारे चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा गोलसर कोपऱ्यांचा काळपट चौकोन असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना मधोमध खांबाचा एकेक खळगा असतो. खड्डा बहुधा गुडघ्याएवढाही खोल नसतो. अभ्यासक अशा घराला ग्रुबेनहाउस (जर्मन शब्द, म्हणजे खड्डाघर) म्हणतात आणि आम्ही खोदणारी माणसे एसएफबी, म्हणजे ‘संकन-फीचर्ड बिल्डिंग’ म्हणतो.

ऑक्सफर्डशायरमधल्या एका शेतात नवी घरे बांधण्यापूर्वी आमचे उत्खनन चालू होते. बांधकामाला परवानगी देताना जमिनीखालच्या अवशेषांचा विचार व्हावा, हे इंग्लंडच्या नियोजन धोरणात १९९० साली स्पष्टपणे आले, आणि तेव्हापासून इथले बहुतेक उत्खनन अशाच बांधकामांच्या निमित्ताने होते. माझ्या वाट्याला आलेला खड्डा नेहमीच्या पद्धतीने चार भागांत वाटून घेतला होता. समोरासमोरचे दोन भाग आधी खणायचे, मधल्या उभ्या छेदांवर भरावाचे थर वाचून त्यांचे चित्र काढायचे आणि मगच उरलेल्या भागांना हात लावायचा. प्रत्येक थराला स्वतंत्र क्रमांक दिला जातो, प्रत्येक थराची माती बादल्यांत भरून पाण्यात धुतली जाते आणि तरंगून वर आलेले जळके धान्य चाळणीवर वेगळे केले जाते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांचे नकाशे मी बारकाईने पाहिले होते. तिथे खांबांच्या खळग्यांसोबत चोपलेली जमीन, चुली आणि धान्य साठवायच्या जागा सापडल्या आहेत, त्यामुळे घर म्हटले की मी आधी जमीन शोधते. इथे तळापर्यंत गेल्यावर तशी जमीन मिळाली नाही. खडी स्वच्छ आणि मोकळी होती, पायांखाली माती दबून घट्ट झाल्याची खूण कुठेही नव्हती, आणि खड्ड्याच्या कडाही ढासळलेल्या नव्हत्या. सुट्या खडीत खणलेल्या खड्ड्यात माणसे रोज वावरली असती, तर त्याच्या कडा एवढ्या नीट राहिल्या नसत्या.

तळाच्या थरात मात्र पूर्वेच्या टोकाला मातीची कड्यासारखी गोल वजने सापडली. उभ्या मागावर ताण्याचे धागे ताठ राहावेत म्हणून अशी वजने खाली बांधत. ती नीट भाजलेली नव्हती, ट्रॉवेलच्या (खणायच्या छोट्या थापीच्या) टोकाने जरा जोर लावला तरी भुगा होत होती, म्हणून शेवटी मी बांबूची कामटी आणि मऊ कुंचला घेऊन ती मोकळी केली. आमच्या पर्यवेक्षकांनी पाहताक्षणी विणकामाची झोपडी असा निर्वाळा दिला आणि त्या दिवसाच्या टिपणातही तसे लिहिले. वजने मिळाली की असाच निष्कर्ष काढण्याची रीत फार जुनी आहे. मला तो पटला नाही, कारण वजने ओळीत पडलेली नव्हती, त्यातली निम्मीअधिक मोडकी होती, आणि मोडलेल्यांचे उरलेले तुकडे त्या थरात कुठेच नव्हते.

या प्रश्नाचा निकाल त्याच दुपारी खापरे धुताना लागला. वरच्या थरातले, जवळजवळ नांगराच्या तासाला लागून मिळालेले एका मडक्याच्या खांद्याचे खापर माझ्या हातात होते. ते हाताने घडवलेले आणि काळे होते, मातीत कालवलेला कोंडा जळून गेल्यामुळे त्याच्या अंगावर बारीक चिरा राहिल्या होत्या, आणि वर ठशांची एक ओळ होती. वर्तुळात फुली असा तो ठसा होता आणि शेवटचा ठसा मोडीच्या कडेवर अर्धाच उरला होता. शेजारच्या ताटात तळाच्या थरातली, वजनांच्या अगदी लगतची खापरे वाळत होती. त्यांतल्या एकावर ठशाचा दुसरा अर्धा भाग दिसला. दोन्ही कडा एकमेकींना लावल्यावर फुलीच्या रेषा एका सरळीत आल्या आणि फटीत नखही जाईना. एका तुकड्याची मोड उन्हापावसात झिजून बोथट झालेली होती आणि दुसऱ्याची ताजी वाटावी इतकी धारदार होती, तरीही दोन्ही एकाच मडक्याचे होते.

मडके बाहेर कुठेतरी फुटले, त्याचा एक तुकडा उघड्यावर झिजला, दुसरा उकिरड्यात दबून राहिला, आणि पुढे खड्डा बुजवताना तोच उकिरडा त्यात लोटला गेला, म्हणून एक तुकडा तळाला गेला आणि एक वर राहिला, असा त्याचा अर्थ मी लावला. हाडांवरचे कुत्र्यांच्या दातांचे ओरखडेही हीच गोष्ट सांगत होते, आणि रोमन कौलाचे तुकडे तर त्या घराच्या कितीतरी आधीचे होते. तळापासून वरपर्यंत सगळा भराव घर मोडून टाकल्यानंतरचा होता आणि वजनेही त्या भरावाबरोबरच आली होती.

आमच्या शेतापासून फार लांब नसलेल्या सटन कोर्टनी या गावी ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाच्या ई. टी. लीड्स यांनी १९२१ पासून अशी घरे खणली. सॅक्सन लोकांच्या राहत्या घरांचा इंग्लंडमधला पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला. खड्ड्यांत हाडे आणि फुटकी मडकी पाहून ही माणसे त्या घाणीतच राहत असत, असे लीड्स यांना वाटले, आणि ते चित्र दीर्घकाळ टिकले. लीड्स यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण ज्या माणसांनी इतके नेटके ठसे उमटवून मडकी घडवली, त्यांच्या माथी उकिरड्यात राहण्याचा ठपका बसावा हे मला अन्यायाचे वाटते. खड्ड्यावर फळ्यांची जमीन टाकलेली असावी आणि खाली हवेशीर पोकळी असावी, हे मत सफकमधल्या वेस्ट स्टो इथल्या उत्खननानंतर बळावले. सगळीच घरे तशी होती असे मी म्हणणार नाही. जी घरे आगीत कोसळली त्यांतल्या काहींत वजने खरोखर ओळीने पडलेली मिळतात आणि तिथे माग उभा होता हे मान्य करावेच लागते. वेस्ट स्टो इथे प्रयोग म्हणून नव्याने उभारलेल्या घरांपैकी एक २००५ साली जळाले, तेव्हा अभ्यासकांनी त्याच्या राखेचेही रीतसर उत्खनन केले. जळालेले घर जमिनीत कोणत्या खुणा ठेवते हे पडताळण्याची इतकी चांगली संधी क्वचितच मिळते.

जुळलेली खापरे मी पर्यवेक्षकांपुढे ठेवली. त्यांनी ती स्वतः लावून पाहिली, दोन्ही थरांचे क्रमांक तपासले आणि टिपणातला विणकामाच्या झोपडीचा उल्लेख काढून तिथे खड्ड्याचे माप, दोन खांब आणि नंतरचा भराव एवढेच लिहिले. मग कालमापनासाठी कोणता नमुना पाठवायचा यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. भरावातले सुटे हाड उकिरड्यात वर्षानुवर्षे पडून नंतर खड्ड्यात आलेले असू शकते, म्हणून त्याचे कार्बन-१४ वय घराबद्दल फारसे काही सांगत नाही. तळाच्या थरात मेंढीच्या पायाची हाडे मात्र सांध्यांत जशीच्या तशी जुळलेली मिळाली होती. स्नायू कुजण्यापूर्वी तो पाय तिथे पडला असल्याशिवाय ती तशी राहिली नसती. त्यातलेच एक हाड आम्ही पाठवले आणि नमुन्याच्या अर्जात स्पष्ट लिहिले की या तारखेवरून घर कधी उभे राहिले हे ठरणार नाही, ते कधी बुजवायला घेतले एवढेच ठरेल.